मनकर्णाबाईचा उकिरडा

“उकिरडा माझा हाये, तुमच्या गटाचा न्हाई,” मनकर्णाबाई म्हणाली. “गटाला काही हालवायचंच असंल त आधी अध्यक्षाला जागचं हालवा. सकाळपास्नं बसून तिसरा कप चालू हाये.”

संतरामनं कप खाली ठेवला. रिकामा झाला होता म्हणून ठेवला, पण ठेवला असा की रागानं ठेवल्यासारखा वाटावा.

“समद्या गावाला मी सांगत फिरून राहिलो,” तो म्हणाला, “की बाबाहो, ओढ्यात खत जाऊ देऊ नका, घाण जाऊ देऊ नका. आन् माझ्याच घरचा उकिरडा ओढ्यात पाय सोडून बसलेला!”

“बसू द्या. तुमी न्हाई का पारावर पाय सोडून बसत?”

ओट्याशी उभ्या असलेल्या सुनेला, वैष्णवीला, खोकला आला. तो खोकला नव्हता हे घरातल्या सगळ्यांना कळलं. दाराशी सोमेश्वर मोटारसायकल पुसत होता. आईबापाच्या मधे पडायचं नाही हे त्यानं लहानपणीच ठरवलेलं. तो नुसताच जास्त जोरात पुसायला लागला.

“रामजी काल गटाच्या बैठकीत चारचौघांत काय म्हणला ठाव हाये? म्हणला, अध्यक्षाचा उकिरडा हालला की दुसऱ्या दिवशी माझा हालतो. बाकीचे बसल्या जागी माना डोलवायला लागले. म्हंजे आता साऱ्या गावाचे उकिरडे तुझ्या एका पाटीवर अडून राहिले.”

“मग रामजीला सांगा, पाटी जड हाये. वाट बघ म्हणा.”

असं म्हणून तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, शेणाची पाटी उचलली आणि दाराबाहेर पडली. भांडणातलं शेवटचं वाक्य आपलं व्हावं म्हणून पाटी घेऊन निघून जायची तिची जुनी रीत होती. डोक्यावर शेण असलेल्या बाईला कोणी अडवत नाही.

हट्ट्याच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवरचं हे गाव. कालव्याचं पाणी आलं तशी इथली रानं हळदीची झाली, आणि हळदीची झाली तशी युरियाची झाली. शेजाऱ्याची हळद आपल्याहून जरा जास्त हिरवी दिसली की इथल्या माणसाच्या घशाखाली भाकरी उतरत नाही. तो जाऊन पोतं फोडतो. मग शेजाऱ्याची भाकरी अडकते. अशानं हळद हिरवी झाली ती झालीच. पण प्रत्येक पावसात रानातलं खत वाहून ओढ्यात उतरलं आणि ओढा हळदीहून हिरवा झाला. मागं एका उन्हाळ्यात त्याच्यावर अशी साय धरली की म्हशींनी तोंड लावायचं सोडलं. गावाच्या नळाची विहीर त्याच ओढ्याच्या काठाला, उकिरड्यांच्या खालच्या अंगाला. तिचं पाणी तपासून आलं तेव्हा सांगितलं गेलं की हे लहान लेकरांना पाजू नका. तेव्हापासून सोमेश्वर हट्ट्याहून पाण्याचा जार आणतो, तो मोटारसायकलवर मांडीशी असा धरून आणतो की जणू त्याच्यातच लेकरू बसवलंय. मनकर्णाबाईचा नातू अजून दुडदुडतो. त्याच्यापुरतं ते पाणी.

“विहिरीच्या गावात लेकराला परगावचं पाणी,” मनकर्णाबाई म्हणायची, आणि जारच्या तोटीखाली सांडलेले थेंबही वाटीत धरायची.

त्या पाण्यावरनंच गट झाला. तालुक्याच्या कृषी सहायक मंजुषा मॅडम स्कूटीवरून येत, ओढ्याकाठच्या लोकांना बसवून समजावत. ठरलं ते साधंच होतं. ओढ्याच्या कडेनं बैलगाडी जाईल एवढी गवताची पट्टी सोडायची, तिथं नांगर घालायचा नाही, म्हणजे रानातनं येणारं पाणी गवतात अडतं, गाळ आणि खत तिथंच बसतं. युरिया एकदम ओतायचा नाही, थोडा थोडा ठिबकमधनं द्यायचा. ढग आले की पोत्याला हात लावायचा नाही. ऐकायला सोपं. पण बैलगाडीची वाट म्हणजे हळदीच्या कितीतरी सऱ्या, आणि काठाचा गाळ म्हणजे रानातली सगळ्यात कसदार जागा. कोणी आधी सोडायची यावर बैठका व्हायला लागल्या. शेवटी भिवाजीनं सोडली. भिवाजीचं रान साऱ्यांत लहान. एवढ्याशा रानातनं बौद्धवाड्यातल्या माणसानं पट्टी सोडली म्हटल्यावर मोठ्या रानवाल्यांची पंचाईत झाली. त्यांनाही सोडावी लागली. त्याबद्दल भिवाजीचे आभार कोणी मानले नाहीत. रामजी तर कितीतरी दिवस त्याच्याशी नीट बोलला नाही.

आणि अध्यक्ष संतराम झाला, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणायचं काम त्या घरात मनकर्णाबाईकडं आहे.

पट्ट्या झाल्या, पोती कमी झाली, ओढ्याचा रंग थोडा उतरला. मग मॅडम म्हणाल्या, आता काठावरचे उकिरडे हलवा. पावसात त्यांचा रस सरळ विहिरीच्या अंगाला उतरतो. उंचावर खड्डा घ्या, भोवती मातीचा बांध घाला, वर तुराट्या झाका. आणि इथं गाडी अडली.

आता मनकर्णाबाईला ओढ्याचं वैर नव्हतं. उकिरड्याची माया होती, नाही असं नाही. गावातला सगळ्यात मोठा उकिरडा तिचा. चुलीची राख, गोठ्याची झाडलोट, म्हशीनं उष्टावलेला कडबा, सगळं तिच्या हातचं. नव्या नवरीला सासूनं पहिल्या दिवशी दाखवलं ते देवघर नव्हे, उकिरडा. पण मायेपेक्षा मोठं कारण होतं, ते ती कोणाला सांगत नव्हती. स्वतःलाही मोठ्यानं नाही. ते कारण म्हणजे जनकाबाई.

जनकाबाई भिवाजीची बायको. दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात नवऱ्या म्हणून आल्या. एक वरच्या आळीत, एक ओढ्याच्या कडेला बौद्धवाड्यात. एकीचं जाणं-येणं दुसरीच्या घरात नव्हतं. एकीच्या सासूला ते चाललं नसतं आणि दुसरीच्या सासूला कोणाच्या दारात मान वाकवून जाणं चाललं नसतं. पण उकिरडे लागून होते. सकाळी दोघींच्या पाट्या एकाच वेळेला रिकाम्या व्हायच्या, आणि पाटी रिकामी झाल्यावर ती आपटायची म्हणून, मग झाडायची म्हणून, मग पायाचं शेण काढायचं म्हणून दोघी तिथं रेंगाळायच्या. पोरं झाली, लग्नं झाली, दोघींच्या सासवा गेल्या. रेंगाळणं राहिलं. उकिरड्यावर दोघी अगं-तुगं. गावात, दुकानाशी समोरासमोर आल्या की ‘काय म्हणता बाई, बरं हाये का’ आणि पुढं. हे कधी ठरवलं नव्हतं, पण कधी चुकलंही नव्हतं.

उकिरडा रानात गेला तर जो तो आपल्या रानात जाणार. मग जनका कुठं भेटणार? भेटायला जाते असं म्हणायला काही कारण लागतं, आणि शेणासारखं रोजचं कारण दुसरं नाही.

त्या सकाळी ती पाटी घेऊन पोचली तर जनकाबाई आधीच आलेली, कमरेवर हात ठेवून मिराबाईच्या उकिरड्याकडं बघत होती. मिराबाई म्हणजे मनकर्णाबाईची थोरली जाऊ, भिंतीला भिंत लागून घर.

“तुझ्या जावेकडं पाहुणे आलते गं,” जनकाबाई म्हणाली. “कांद्याची फोलपटं बघ किती.”

“पाहुणे कुठले! जाऊबाईची बहीण आलती. कांद्याची भजी. आमच्याकडं वास पाठवला, भजं न्हाई पाठवलं.”

“आज लवकर आलीस. भांडली काय?”

“अध्यक्षाबरोबर.”

“उकिरडाच?”

“दुसरं काय हाये त्या माणसाला.” मनकर्णाबाईनं पाटी उपडी केली. “मी बी सांगितलं, हालणार न्हाई. दिवाळीला उकिरड्यावर लक्ष्मीचा दिवा लागतो माझा. लक्ष्मी काय टॅक्टरमधी बसवून न्यायची?”

जनकाबाईनं आपली पाटी आपटली. तिच्या घरी उकिरड्यावर दिवा लावायची रीत नाही. पण ओढ्याचा वारा वाईट, मनकर्णाबाईची वात धरेपर्यंत दर दिवाळीला जनकाबाई पदर आडवा धरून उभी राहते आणि म्हणते, “लाव लवकर बाई तुझी लक्ष्मी, माझी डाळ लागून राहिली.”

मंजुषा मॅडम एकदा स्वतः उकिरड्यापर्यंत आल्या. स्कूटी वर ठेवून, नाकाला रुमाल न लावता आल्या, ते मनकर्णाबाईला आवडलं. पण आवडलं म्हणून ऐकायचं असं काही नसतं. मॅडमनी सगळं नीट सांगितलं. मनकर्णाबाईनं सगळं नीट ऐकलं आणि मग एकेक अडचण काढली. रान लांब आहे. गुडघे दुखतात. सासूची जागा आहे. लक्ष्मी आहे. नव्या खड्ड्यात साप निघतो. मॅडम प्रत्येक अडचणीला उत्तर देत गेल्या आणि प्रत्येक उत्तराला मनकर्णाबाईनं मान डोलवली, नवी अडचण काढली. शेवटी मॅडम दमून म्हणाल्या, “मावशी, खरं कारण सांगा की.”

“तकलीफ,” मनकर्णाबाई म्हणाली आणि त्यांना शेंगा दिल्या.

शेजारी जनकाबाई पाटी झाडत होती. ती पाटी केव्हाच स्वच्छ झाली होती.

दसऱ्याच्या आसपास परतीच्या पावसानं गाठलं. दोन दिवस नुसता ओतत होता. तिसऱ्या दिवशी उघडल्यावर मनकर्णाबाई पाटी घेऊन गेली तर उकिरडा खचून अर्धा झाला होता. बुडातनं काळी धार लागलेली. चहाच्या अर्कासारखी दाट धार, बोटाएवढी, थांबायचं नाव नाही, आणि सरळ ओढ्यात. जनकाबाईच्या उकिरड्यातनंही तशीच एक येऊन तिला मिळालेली.

मनकर्णाबाई ही चहाची पत्ती वाळवून दुसऱ्यांदा उकळणारी बाई. तांदळाचं धुवण म्हशीला, भाजीची देठं शेळीला, पिठाच्या डब्याचं फडकं झटकलेलंही कणकीत. तिच्या घरातनं कामाचं असं काही वाया जाऊन बाहेर पडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. ती पाटी डोक्यावर तशीच घेऊन उभी राहिली.

“हे काय गं चाललं?”

“तुझं खत,” जनकाबाई म्हणाली.

“माझं?”

“माझं बी हाये. तुझं जरा जास्त.”

“समदा कस चालला की! खाली ऱ्हायलं काय मग? चोथा?”

“चोथा,” जनकाबाई म्हणाली. “दर साली चोथाच नेऊन टाकून राहिलो आपण रानात. कस विहिरीला.”

विहीर खाली दिसत होती. तिच्या कठड्याशी हिरवट पाणी साचलेलं. मनकर्णाबाईनं तिकडं बघितलं, मग धारेकडं, मग पुन्हा विहिरीकडं. जारची तोटी आठवली, आणि तिच्याखाली वाटी घेऊन बसणारी आपण. संतरामचं बरोबर होतं. संतरामचं बरोबर निघणं ही त्या घरात क्वचित घडणारी गोष्ट, आणि घडली तरी कोणी बोलून दाखवत नसे. तिनंही ठरवलं की बोलायचं नाही.

“जनके,” ती म्हणाली, “आपण असं करू, थोडी माती लावू बुडाला.”

“मनकर्णे, आमी खड्डा घेऊन राहिलो.”

“कुठं?”

“माळावर. तुमच्या धुऱ्याला लागून आमचा तुकडा हाये ना, तिथं. उद्या भिवाजी उकिरडा उचलणार.”

“उद्या? आन् मला आता सांगती?”

“आधी सांगितलं असतं त मला हालू दिलं असतं का तू?”

मनकर्णाबाईनं डोक्यावरची पाटी उतरवली. मग ती उपडी केली, झाडली नाही, आणि घराकडं चालू लागली. जनकाबाई मागनं हाक मारत होती. मनकर्णाबाईच्या डोक्यावर पाटी नव्हती, त्यामुळं कोणीही अडवलं असतं. पण जनकाबाई अडवायला आली नाही. तिलाही आपला उकिरडा सोडायचा होता, आणि ते काही तिला आवडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मनकर्णाबाईच्या सकाळी फार लवकर संपायला लागल्या. पाटी टाकली, झाडली, झालं. शेजारी जनकाबाईच्या उकिरड्याची जागा स्वच्छ खरवडलेली, तिथं ओल्या मातीवर कोंबडी उकरत होती. मिराबाईच्या उकिरड्यावर कसलीतरी नवी साल पडलेली. पपई? भोपळा? आणि हे कोणाला सांगायचं? तिनं घरी येऊन सुनेला सांगितलं. वैष्णवी म्हणाली, “हो का आत्याबाई,” आणि लेकराचा मोजा शोधायला गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. पण तो काही उत्तर देण्याचा प्रकार नव्हे.

वेळ उरला तसा मनकर्णाबाईचा हात घरावर पडायला लागला. तिनं मसाल्याचे डबे उतरवून पुन्हा लावले. सोमेश्वरच्या मोटारसायकलचा आरसा पुसला. संतरामला चहा पिताना बघत बसली, तेव्हा त्याचा घोट अडकायची वेळ आली.

“काय झालं गं तुला?” तो म्हणाला.

“काही न्हाई. पिता तेवढं प्या.”

असे चार-सहा दिवस गेले. मग एका सकाळी मनकर्णाबाईनं पाटी भरली, चुंबळ ठेवली, आणि ओढ्याच्या वाटेला न लागता उलट्या बाजूनं, सगळ्या गावातनं, पारावरनं, दुकानावरनं, माळाच्या वाटेला लागली.

पारावर रामजी बसला होता. “वहिनी, कुणीकडं?”

“खत टाकायला.”

“उकिरडा तिकडं राहिला की!”

“कुठं राहिला मला ठाव हाये. तुमचा बी तिकडंच राहिला.”

माळावर भिवाजी नव्या खड्ड्याच्या कडेला बांध चोपत होता. खड्डा चांगला झाला होता, चौरस, भोवती मातीचा बांध, वर एका अंगाला तुराट्यांचं छप्पर. संतरामच्या घरची बाई भरली पाटी घेऊन येताना बघून तो उठून उभा राहिला. त्याला वाटलं वाट चुकली. मग वाटलं, धुऱ्याची काही भानगड आहे. दोन रानांमधल्या त्या हद्दीच्या बांधावरनं दोन्ही घरांच्या आजोबांनी कधीकाळी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

मनकर्णाबाईनं पाटी सरळ त्याच्या खड्ड्यात उपडी केली.

“अवो वहिनी,” भिवाजी म्हणाला, “हे… आमचा खड्डा हाये.”

“दिसतो की. चांगला झालाय.”

झाडाखालनं जनकाबाई आली. तिनं खड्ड्यात बघितलं, मनकर्णाबाईकडं बघितलं, आणि नवऱ्याला म्हणाली, “टाकू द्या वो. शेणावर कुठं नाव असतं.” मग बसायला बोरीच्या सावलीतली जागा पदरानं झाडली. “ये. लई दिवस लावले. मी म्हणलं गुडघ्यानं खाली बसली काय.”

“गुडघा बरा हाये. तू दगाबाज हायेस.”

“व्हय. तुझ्या जावेकडं काय आलंय नवं?”

“पपई,” मनकर्णाबाई म्हणाली आणि बसली. “का भोपळा. मला तर वाटतं दोन्ही.”

भिवाजीनं बांधावर आणखी दोन फटके दिले. मग फावडं घेऊन रानाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथं काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी भिवाजीनं तिच्यासाठी खड्ड्याच्या कडेला एक दगड पायरीसारखा बसवून ठेवला, आणि याबद्दल कोणी काही बोललं नाही.

बोललं ते गाव. शेतकऱ्याच्या घरातनं दूध गेलं तर चालतं, शेण जात नाही. शेण म्हणजे पुढच्या सालची हळद. ते कोणी दुसऱ्याच्या खड्ड्यात नेऊन टाकत असेल तर त्या घरात काहीतरी बिनसलंय, असं गावानं ठरवलं. कोणी म्हणालं, संतरामनं धुऱ्याचा निकाल असा लावला. कोणी म्हणालं, मनकर्णाबाईनं नवस केलाय.

मिराबाईनं भिंतीवरनंच गाठलं. “काय गं, घरची लक्ष्मी रोज त्यांच्या खड्ड्यात नेऊन टाकती म्हणे?”

“व्हय जाऊबाई.”

“त्यांच्या?”

मनकर्णाबाईनं हातातलं फडकं पिळून वाळत घातलं, त्याचे चारही कोपरे सरळ केले. “मागल्या साली हळद काढायला माणूस मिळंना तवा जनकाबाई दोन दिवस तुमच्या सऱ्यांत वाकून होती. तवा तिचा हात लागून लक्ष्मी पळाली न्हाई. आता बी पळणार न्हाई. आन् जाऊबाई, भोपळ्याची साल जाड काढता तुमी. निम्मी भाजी उकिरड्यावर जाऊन राहिली.”

मिराबाई भिंतीवरनं खाली झाली.

पण संतरामला असं भिंतीआड होता येत नव्हतं, त्याला पारावर बसायचं असतं. गटाच्या बैठकीला रामजीनं सगळ्यांदेखत त्याचा सत्कारच करायचा बाकी ठेवला. “अध्यक्षांनी शब्द पाळला. त्यांचा उकिरडा हालला! ओढ्यावरनं हालला आन् बराबर भिवाजीच्या खड्ड्यात जाऊन पडून राहिला, पाटी पाटीनं.” सगळे हसले. भिवाजी हसला नाही. तो घसा साफ करत उठला आणि म्हणाला की खत त्याला नको, पाहिजे तेव्हा उचलून न्या. त्यावर आणखीच हसू झालं. मंजुषा मॅडमही आल्या होत्या. त्यांनी वहीत डोकं घातलं.

संतराम घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. मनकर्णाबाई भाकरी थापत होती, वैष्णवी लेकराला भरवत होती. त्यानं टोपी खुंटीला न अडकवता हातातच ठेवली, म्हणजे प्रकरण मोठं होतं.

“तुला माझी इज्जत ठेवायची हाये का न्हाई?”

“भाकरी होऊ द्या. मग ठेवते.”

“हसण्यावारी नेऊ नको. महिनाभर सांगून राहिलो उकिरडा हालव, त न्हाई. आन् आता माझं शेण पाटीनं दुसऱ्याच्या खड्ड्यात! काहून? मला एकदा समजू तरी दे काहून!”

मनकर्णाबाईचा हात थांबला. तव्यावरची भाकरी फुगत होती, ती तिनं उलटवली नाही. सांगावं असं तिला वाटलं. की सकाळच्या त्या वेळेला मी कोणाची बायको नसते, कोणाची सासू नसते, कोणाची जाऊ तर अजिबात नसते. पण हे असं संतरामला सांगितलं असतं तर तो घाबरला असता, आणि त्यानं सोमेश्वरला डॉक्टरकडं नेऊन आण म्हणून सांगितलं असतं.

“जनका तिथं असती म्हणून,” ती म्हणाली.

“म्हंजे?”

“म्हंजे जनका तिथं असती.”

सोमेश्वर आतल्या खोलीतनं दारापर्यंत आला. वैष्णवीचा चमचा लेकराच्या तोंडासमोर थांबला आणि लेकरू त्याच्यासाठी रडायला लागलं.

“एवढ्यासाठी?” संतराम म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. “एवढ्यासाठी साऱ्या गावाला लटकवलं तू? पहिल्या दिवशी सांगितलं असतं त…”

“त काय केलं असतं?”

त्यानं टोपी खुंटीला अडकवली, ती खाली पडली, त्यानं पुन्हा अडकवली. “पण दुसऱ्याच्या खड्ड्यात आपलं खत, हे काही बराबर न्हाई,” तो पुटपुटला. “भिवाजी बी अवघडून राहिला. आपण आपला वेगळा खड्डा घेऊ, आपल्या अंगाला. मधी धुरा आहेच.”

भाकरी करपली. मनकर्णाबाईच्या तव्यावर भाकरी करपली, हे वैष्णवी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा पाहत होती. मनकर्णाबाईनं ती उचलली, दोन्ही बाजूंनी बघितली, आणि बाजूला ठेवली. उकिरड्यात नाही टाकली, म्हशीला ठेवली. मग तवा उतरवला, हात धुतले, पदराला पुसले आणि सगळ्यांकडं तोंड करून बसली.

“आता ऐका. सोमू, उद्या सकाळी टॅक्टर सांग. ओढ्यावरचा आपला उकिरडा समदा उचलायचा, खालची काळी माती बी खरवडून घ्यायची. माळावर न्यायचा. भिवाजीभाऊंचा खड्डा हाये तोच मोठा करायचा, आपल्या अंगाला वाढवायचा. मधला धुरा खणायचा.”

“धुरा खणायचा?” संतराम म्हणाला. त्याच्या आज्यानं त्या धुऱ्यासाठी कोर्टात जिंदगी घातली होती.

“खणायचा. एक खड्डा, दोन्ही घरचा. जनकाबरोबर माझं बोलणं झालंय. भिवाजीभाऊंचं तिच्याबरोबर होऊन राहिलं असंल आता. खत निघंल ते निम्मं-निम्मं. दिवाळीचा दिवा तिथंच लागंल. आन् तुमी रामजीला आत्ताच्या आत्ता फोन लावा, सांगा, अध्यक्षाचा उकिरडा उद्या हालतो, तुझा परवा.”

संतरामनं खिशातनं फोन काढला. मग तो तसाच हातात धरून म्हणाला, “आन् सकाळचा चहा? माळ लांब हाये.”

“चहा ज्याचा त्यानं करून घ्यायचा,” मनकर्णाबाई म्हणाली. “सकाळच्याला मी घरी नसते.”